डोंगर त्रिकोणी कोणी केले?

मार्च महिना लागला की प्राथमिक शाळांतून एक ओळखीचा वास येऊ लागतो. खळ, ओले रंग आणि नवा पुठ्ठा यांचा तो वास असतो. वर्षअखेरचे कला व कार्यानुभवाचे प्रदर्शन जवळ आलेले असते. वर्गातील बाके भिंतीकडे सरकतात, सुतळ्या ताणल्या जातात, त्यांवर चित्रे लटकतात. पालक येतात, केंद्रप्रमुख येतात आणि बाहेरून एखादा पाहुणा परीक्षक म्हणून बोलावला जातो. अशाच एका निमंत्रणावरून आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातील (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका द्विशिक्षकी शाळेत गेलो होतो. आमचे काम खडकांच्या अभ्यासाचे. कलेच्या क्षेत्रात आम्हाला कसलाही अधिकार नाही. तरीही त्या दिवशी आम्ही परीक्षक होतो, आणि आमच्या परीक्षणात जी चूक झाली तिच्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला.

हा लेख म्हणजे त्या प्रदर्शनाचे, किंबहुना अशा सर्वच प्रदर्शनांचे परीक्षण आहे. त्यात टीका आहे, पण ती शिक्षकांवर हात झटकणारी नाही. ती का नाही, हे पुढे येईलच.

भिंतीवर काय होते?

प्रदर्शन नीटनेटके होते. दारात रांगोळी होती, प्रत्येक चित्राखाली मुलाचे नाव सुवाच्य अक्षरांत होते. तीन प्रकारच्या वस्तू मांडल्या होत्या. पहिला प्रकार निसर्गचित्रांचा. दुसरा ‘टाकाऊतून टिकाऊ’ वस्तूंचा. तिसरा प्रतिकृतींचा.

निसर्गचित्रे पाहताना आम्हाला एकच चित्र पुन्हा पुन्हा पाहत असल्यासारखे वाटले. दोन किंवा तीन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेतून वर आलेला अर्धा सूर्य, सूर्याला समान अंतरावर किरण, डोंगरातून निघून कागदाच्या खालच्या कडेपर्यंत रुंदावत आलेली नदी, काठावर कौलारू घर, घराशेजारी नारळाचे झाड आणि आकाशात इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे चार पक्षी. हे चित्र आपण सर्वांनीच लहानपणी काढलेले आहे. महाराष्ट्राच्या कोणत्याही जिल्ह्यातील शाळेत जा, ते भेटतेच. बहुतेक चित्रांखाली ‘माझे गाव – सकाळ’ असे लिहिले होते.

आता त्या वर्गाच्या खिडकीतून बाहेर काय दिसत होते ते सांगतो. शाळेच्या पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग आडवी पसरली होती. तिचा माथा बराच लांबपर्यंत सपाट होता. त्याखाली एक उभा कडा, कड्याखाली उताराचा पट्टा, पुन्हा कडा, पुन्हा उतार, अशा पायऱ्या खाली उतरत आल्या होत्या. गावात नारळाचे झाड आम्हाला एकही दिसले नाही. आणि डोंगर पश्चिमेला असल्यामुळे डोंगरांमध्ये दिसणारा सूर्य त्या गावात कधीही सकाळचा असू शकत नाही. तो मावळतीचाच असणार! मुलांचे गाव खिडकीबाहेर होते आणि भिंतीवर ‘माझे गाव’ म्हणून दुसरेच कुठलेतरी गाव लटकत होते.

‘टाकाऊतून टिकाऊ’च्या टेबलावर आइस्क्रीमच्या काड्यांची घरे, कागदी पेल्यांच्या बाहुल्या आणि फोम शीटची फुले होती. यांतील किती वस्तू खरोखर टाकून दिलेल्या होत्या, असे आम्ही सहज विचारले. मुलांनी प्रामाणिकपणे सांगितले, की काड्यांचे पाकीट आणि पेले दुकानातून आणले. टाकाऊ वस्तू बनवण्यासाठी नव्या वस्तू विकत घ्याव्या लागत असतील, तर त्या उपक्रमाचे नाव तरी बदलायला हवे. थर्माकोल मात्र दिसला नाही, ही समाधानाची गोष्ट. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. त्याची जागा फोम शीटने घेतली आहे. तीही प्लास्टिकचीच, आणि तीही कुजत नाही.

प्रतिकृतींमध्ये सर्वांत देखणा होता तो ज्वालामुखी. पुठ्ठ्यावर कागदाच्या लगद्याचा उंच शंकू, माथ्यावर बाटलीचे तोंड, आत खाण्याचा सोडा. वरून व्हिनेगर ओतले की लाल फेस उसळून खाली वाहू लागायचा. मुले टाळ्या वाजवत होती. सामान वडिलांनी संगमनेरहून आणून दिले, असे त्या मुलाने अभिमानाने सांगितले. आम्ही त्या ज्वालामुखीला पहिला क्रमांक दिला.

वहीच्या मागच्या पानावर

बक्षिसे जाहीर झाल्यावर चहा आला आणि अभिप्राय लिहिण्यासाठी आमच्या हाती एक वही देण्यात आली. घाईत नवी वही न सापडल्याने शिक्षकांनी वर्गातील एका मुलीची अर्धी कोरी वही आणली होती. कोरे पान शोधताना मध्येच एक चित्र दिसले. पेन्सिलीने काढलेले, दोनतीनदा खोडलेले. खोडरबराने कागद एका जागी जवळजवळ फाटला होता. पण डोंगर सपाट माथ्याचा होता. त्याला तीन पायऱ्या होत्या. आणि प्रत्येक पायरीच्या उतारावर, एका आडव्या ओळीत, बारीक बारीक झाडे काढली होती. कड्यांवर झाडे नव्हती.

आम्ही शिक्षकांना विचारले, “हे का लावले नाही?” ते म्हणाले, “सर, ते कच्चं आहे. स्वच्छ नाही, रंगही भरलेला नाही.” त्यांनी चौथीतल्या त्या मुलीला बोलावले. ती लाजत म्हणाली, “आम्ही शेरडं घेऊन जातो, तिथून असाच दिसतो.” झाडे अशी ओळीतच का काढली, असे विचारल्यावर तिने आमच्याकडे जरा आश्चर्याने पाहिले. “तिथंच पाणी राहतं. वर नुसता कातळ.”

हे वाक्य ऐकून आमच्या हातातला पेला तसाच राहिला. सह्याद्रीच्या भूशास्त्रातील एक महत्त्वाची गोष्ट तिने सहा-सात शब्दांत सांगितली होती. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भागात जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि पातळ पिठल्यासारखा दूरवर पसरत गेला. एक थर निवला, त्यावर दुसरा पसरला, असे अनेक थर जवळजवळ आडवे साचत गेले. सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट आणि कठीण, तर काही वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र आणि लवकर झिजणारे. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पातळ पट्टाही असतो. पाऊस आणि ओढे लाखो वर्षे हे डोंगर झिजवीत आले. मऊ थर झिजून त्याचा उतार झाला, कठीण थराचा कडा उभा राहिला. मऊ आणि सच्छिद्र थरांत पाणी मुरते, त्यांच्या तळाशी झरे फुटतात, माती टिकते आणि झाडे वाढतात. म्हणून सह्याद्रीवर हिरवळीचे आडवे पट्टे दिसतात. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, याच तालुक्याच्या सीमेवर आहे, आणि दख्खनच्या खडकांच्या शास्त्रीय वर्गीकरणात तळाकडच्या थरांच्या एका मोठ्या समूहाला ‘कळसूबाई उपगट’ असेच नाव आहे. कळसूबाईचे टोक लांबून निमुळते दिसते हे खरे. पण तिच्याही अंगावर थरांच्या पायऱ्या आहेतच.

मग त्रिकोणी डोंगर कोठले? आल्प्समधील मॅटरहॉर्नसारखी टोकदार शिखरे हिमनद्यांनी चारी बाजूंनी कोरून काढलेली असतात. जपानचा फुजियामा शंकूसारखा आहे, कारण तो एकाच तोंडातून पुन्हा पुन्हा उद्रेक होऊन बनलेला ज्वालामुखी आहे. सह्याद्रीवर हिमनद्या कधी नव्हत्या, आणि येथील लाव्हा मुख्यत्वे भेगांतून आला. म्हणजे ज्या जमिनीवर ती शाळा उभी आहे ती जमीनच एका प्रचंड ज्वालामुखी घटनेतून बनली, पण ती घटना आम्ही बक्षीस दिलेल्या शंकूसारखी नव्हती. शिवाय त्या शंकूतून उसळत होता तो सोडा आणि आम्ल यांच्या रासायनिक क्रियेतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा फेस. खडक वितळण्याशी त्याचा काही संबंध नाही. खडकांवर वीस वर्षे काम केलेल्या माणसाने परक्या देशातील डोंगराच्या विकतच्या सामानातील नकलेला पहिला क्रमांक दिला होता आणि खिडकीबाहेरच्या डोंगराचे खरे निरीक्षण वहीत मिटून पडले होते.

चित्र म्हणजे पाहण्याची नोंद

कला हा विषय विज्ञानापासून वेगळा, करमणुकीचा, अशी आपली समजूत असते. विज्ञानाचा इतिहास तसे सांगत नाही. १६०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील टॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि त्याचे चित्र काढले. त्या चित्रात उजेड-अंधाराची वेडीवाकडी सीमारेषा आहे आणि काही डाग आहेत, पण पर्वत नाहीत. काही महिन्यांनी गॅलिलिओने इटलीत चंद्र पाहिला. त्याला त्या सीमारेषेजवळ उजळ ठिपके आणि सावल्या दिसल्या, आणि त्यांवरून त्याने ओळखले, की चंद्रावर डोंगर आणि खळगे आहेत. गॅलिलिओची दुर्बीण अधिक शक्तिशाली होती हे खरे. पण त्याला छायाप्रकाश काढण्याचे शिक्षण मिळालेले होते, आणि सावलीवरून उंची कशी ओळखावी हे त्याच्या डोळ्यांना ठाऊक होते, असे अनेक अभ्यासक मानतात. गॅलिलिओचे पुस्तक १६१० साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर हॅरियटने काढलेल्या चित्रांत मात्र विवरे दिसू लागतात!

या गोष्टीत शिक्षकांसाठी दोन धडे आहेत. एक, चित्र काढायला शिकणे म्हणजे पाहायला शिकणे. दुसरा, दुसऱ्याचे चित्र पाहणे वाईट नाही. हॅरियटने गॅलिलिओचे चित्र पाहिले, पण नंतर तो पुन्हा दुर्बिणीकडे गेला. आमच्या प्रदर्शनातील मुले नमुना पाहून पुन्हा खिडकीकडे गेली नव्हती.

मुले जे पाहतात तेच काढतात असेही नाही. फ्रेंच अभ्यासक ल्युके यांनी १९२७ साली मांडले, की लहान मूल बहुधा जे त्याला ठाऊक आहे ते काढते. नॉर्मन फ्रीमन आणि जॅनिकून यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेला एक सोपा प्रयोग आपल्याला वर्गात सहज करता येईल. कान असलेला कप घ्यावा. त्याच्या पुढच्या बाजूला एक फूल काढलेले असावे. कान मागे दडेल असा कप मुलांसमोर ठेवावा आणि ‘जसा दिसतो तसा काढा’ असे सांगावे. लहान मुले न दिसणारा कान काढतात आणि दिसणारे फूल बहुधा विसरतात, कारण कपाला कान असतो हे त्यांना पक्के माहीत असते. साधारण आठ वर्षांच्या पुढची मुले फूल काढू लागतात आणि कान सोडून देतात.

हे लक्षात घेतले म्हणजे मुलांच्या ‘चुकां’कडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. आपल्या भागातील मुलाला विहीर काढायला सांगा. ते विहिरीचे तोंड वरून पाहिल्यासारखे गोल काढेल, आणि तिच्यावरचा रहाट बाजूने पाहिल्यासारखा काढेल. आपण ‘असे दिसते का?’ म्हणून ते खोडतो. पण इंजिनियरही घराचा आराखडा वरून काढतो आणि दर्शनी बाजू समोरून काढतो. तो फक्त त्यांना दोन वेगळ्या चौकटींत ठेवतो. मुलाने दोन्ही माहिती एकाच चौकटीत भरली, एवढाच फरक. अशा चित्रात मूल काय जाणते आणि अजून काय पाहत नाही, याचा नकाशाच आपल्या हाती येतो. त्रिकोणी डोंगराच्या चित्रातून यांतले काहीच कळत नाही. ते चित्र मुलाच्या मनातून आलेले नसते आणि त्याच्या डोळ्यांतूनही आलेले नसते.

दोष कोणाचा?

आता शिक्षकांची बाजू. प्राथमिक शाळेत कलाशिक्षक बहुधा नसतो. द्विशिक्षकी शाळेत एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. त्यातून माहिती भरणे, सर्वेक्षणे, बैठका. प्रदर्शनाला पाहुणे येणार, छायाचित्रे निघणार, ती वर पाठवायची. अशा वेळी फळ्यावर एक नमुना काढून ‘असे काढा’ म्हणणे हा शिक्षकाचा आळस नाही. उपलब्ध वेळेत सर्व मुलांच्या हातून काहीतरी पूर्ण करून घेण्याचा तो एकमेव मार्ग त्याला दिसतो. आणि जो पाहुणा येतो तो स्वच्छ, पूर्ण, रंगीत वस्तूलाच बक्षीस देतो. आम्हीही तेच केले. प्रदर्शने अशी होतात याला परीक्षकच मोठ्या प्रमाणात जबाबदार आहेत, असे आम्ही आता मान्य करतो.

गंमत म्हणजे नियमांची आडकाठी नाही. २०१० साली आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात कला आणि कार्यानुभव या विषयांना वर्षअखेरची लेखी परीक्षा ठेवलेली नाही. त्यांचे मूल्यमापन वर्षभरातील निरीक्षण, कृती, उपक्रम, प्रकल्प यांवरूनच व्हायचे आहे. म्हणजे व्यवस्था स्वतःच म्हणते, की शेवटची वस्तू पाहू नका, वाटचाल पाहा. पण प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदींच्या रकान्यात ‘चित्रे छान काढतो’, ‘रंग आकर्षक भरते’ ही वाक्ये बाजारातील तयार नोंदींच्या पुस्तिकेतून उतरतात. चित्र नमुन्यावरून उतरवलेले, आणि त्यावरची नोंदही नमुन्यावरून उतरवलेली. ‘डोंगराच्या पायऱ्या आणि झाडांच्या ओळी स्वतः पाहून काढते, कारणही सांगते’ ही नोंद त्या मुलीच्या नावापुढे कोणी लिहिली असेल का?

नमुन्याच्या बाजूने दोन शब्द

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आपल्याकडच्या कितीतरी कला नकलेतूनच शिकल्या जातात. आईची रांगोळी पाहून मुलगी रांगोळी शिकते. तीत वाईट काय? काहीच नाही. पण रांगोळी नीट पाहा. ठिपके मांडण्याचा एक नियम असतो आणि त्या नियमातून नवनवीन आकृत्या निघतात. नऊ ठिपक्यांची रांगोळी शिकलेली मुलगी आठवड्याभरात अकरा ठिपक्यांची स्वतःची रांगोळी घालते. नक्कल तिथे पहिली पायरी असते. निसर्गचित्राच्या नमुन्यातून मात्र दुसरे काही निघत नाही. मूल दुसरीत जे काढते तेच सातवीत काढते, आणि मोठेपणी ‘मला चित्र काढता येत नाही’ असे म्हणत तेच काढते.

याउलट विचार आपल्याच राज्यात फार पूर्वी होऊन गेला आहे. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, नयी तालीमच्या शाळेत, शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ पासून १९६२ पर्यंत कला शिकवत होते. त्या अनुभवावर त्यांनी हिंदीत लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘शिक्षा का वाहन : कला’ असे आहे. कला हा वेळापत्रकातील एक तास नसून शिक्षण ज्यात बसून मुलापर्यंत पोहोचते ते वाहन आहे, हे त्या नावातच आले.

वर्षअखेरचा नव्हे, वर्षाचा प्रकल्प

मग प्रदर्शन करूच नये का? जरूर करावे. पण त्यात वर्ष दिसावे. तीन सूचना कराव्याशा वाटतात. त्यांना खर्च जवळजवळ नाही.

पहिली सूचना क्षितिजाच्या चित्राची. जूनमध्ये शाळा सुरू झाली, की प्रत्येक मुलाने आपल्या घराच्या अंगणातील एक जागा ठरवावी, तेथे खूण म्हणून एक दगड ठेवावा, आणि तेथून पश्चिमेला दिसणाऱ्या क्षितिजाची रेषा एका लांब कागदावर काढावी. डोंगर, झाड, मंदिराचा कळस, विजेचा खांब, जे असेल ते. मग दर महिन्याच्या २१ तारखेच्या सुमारास सूर्य कोठे मावळला तेथे खूण करून तारीख लिहावी. सूर्याकडे टक लावून पाहू नये. तो दिसेनासा झाल्यावरच जागा हेरावी. ढग असतील तर ‘ढग’ असे लिहावे. पावसाळ्यात हेच जास्त वेळा लिहावे लागेल, पण तीही नोंदच आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अक्षांशावर जूनअखेर सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरात सुमारे २५ अंश दक्षिणेला. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते. म्हणजे सहा महिन्यांत सूर्य पाच मुठी सरकतो. सप्टेंबर आणि मार्च महिन्यांत तो झपाट्याने सरकताना दिसेल, डिसेंबरात जवळजवळ थबकलेला. संक्रांतीला उत्तरायण सुरू होते असे आपण म्हणतो. मुलांच्या चित्रात मात्र सूर्य २१-२२ डिसेंबरलाच परत फिरलेला आणि १४ जानेवारीपर्यंत थोडासा उत्तरेकडे आलेला आढळेल. हे वाक्य पुस्तकात वाचणे वेगळे आणि स्वतःच्या चित्रात सापडणे वेगळे. शिवाय दहा महिने एकाच डोंगराकडे पाहिल्यावर तो त्रिकोणी काढणे मुलाला जमणारच नाही.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतील ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. प्रदर्शनात त्यांचे काहीच नसते. त्यांनी तो कागद बरोबर न्यावा आणि कोपीसमोरच्या क्षितिजाची दुसरी पट्टी काढावी. डोंगर बदलले तरी सूर्य किती मुठी सरकला हे बदलत नाही, ही गोष्ट त्या वर्गात फक्त तेच मूल सिद्ध करू शकेल.

दुसरी सूचना रंगांची. रंगपेटीआधी गावची माती पाहावी. अकोल्याच्या पश्चिमेची तांबूस माती, नेवासे-कोपरगावकडची काळी जमीन, पिवळसर मुरूम, चुनखडीचे पांढरे खडे. माती वाळवून, कुटून, फडक्यातून गाळून, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवली की रंग तयार. तांबडेपणा मातीतील गंजलेल्या लोहाचा, हे सांगायला याहून चांगला तास नाही. फाल्गुनात पळसाची फुले असतातच. ती गरम पाण्यात भिजवून केशरी-पिवळा रंग निघतो. हळदीने रंगवलेल्या कागदाचा अर्धा भाग झाकून तो पंधरा दिवस उन्हात ठेवावा. उघडा भाग फिका पडतो. उरलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकावा. तो लाल होतो. कला कोठे संपली आणि विज्ञान कोठे सुरू झाले, हे मुलांना विचारत बसू नये.

तिसरी सूचना मांडणीची. प्रत्येक मुलाची वर्षभरातील चित्रे तारखा घालून एका जुन्या वर्तमानपत्राच्या पिशवीत ठेवावीत. खोडलेली, अपुरी, फाटकीही ठेवावीत. मार्चमध्ये भिंतीवर प्रत्येकाची दोन चित्रे शेजारी शेजारी लावावीत, एकाच झाडाची किंवा एकाच डोंगराची, एक जुलैतले आणि एक फेब्रुवारीतले. खाली मुलाने स्वतःच्या शब्दांत एक वाक्य लिहावे: मला आधी काय दिसले नव्हते? अशा प्रदर्शनात पहिला क्रमांक काढणे अवघड जाईल. ते जाऊ द्यावे. परीक्षकाला काम हवेच असेल, तर त्याने मुलांना प्रश्न विचारावेत.

त्या दिवशी वहीतले ते चित्र पाहिल्यावरही आम्ही पुढचे कोरे पान काढले आणि ‘प्रदर्शन अतिशय सुंदर, मुलांची कल्पकता वाखाणण्याजोगी’ असे लिहून सही केली. जाहीर झालेले बक्षीस बदलण्याचे धैर्य झाले नाही, आणि त्या ज्वालामुखीवाल्या मुलाचा आनंद हिरावून घेणेही बरे वाटले नाही. पण त्या मुलीची वही आमच्या अभिप्रायासह तिच्याकडे परत गेली असणार. तिच्या चित्राच्या पुढच्याच पानावर तिने आमचे ते वाक्य वाचले असेल, आणि ते आपल्या चित्राबद्दल नाही हेही तिला कळले असेल. हा लेख म्हणजे त्या अभिप्रायाची दुरुस्ती समजावी. येत्या जूनमध्ये आपल्या वर्गातील कोणी क्षितिजाची रेषा काढायला घेतली, तर पुढच्या मार्चमध्ये ती पाहायला आम्हाला जरूर बोलवावे. बक्षीस देण्यासाठी मात्र बोलवू नये.